खोड कापताना घ्यावयाची काळजी

झाड पाडावं असा अर्ज मीच केला होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर आमच्या गल्लीतलं कुणीतरी तुम्हाला गाठून सांगेलच. आमची गल्ली म्हणजे चार घरं आणि पुढे भिंत. आत यायला एकच तोंड, आणि त्या तोंडाशीच हे झाड. दोन वर्षांपूर्वी ते वाळलं. तेव्हापासून मी उद्यान खात्याला सात अर्ज केले.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. सत्तावीस वर्षं लोकांचे मोडलेले पाय, चेपलेल्या गाड्या आणि छपरावर कोसळलेली झाडं मी कागदावर बघत आलोय. 'अपघात कसा घडला' या रकान्यात दहातले नऊ जण 'अचानक' असं लिहितात. चौकशी केली की कळतं, हे अचानक गेली चार वर्षं सगळ्या घरादाराला दिसत होतं. त्यामुळे वाळलेलं झाड बघितलं की मला झाड दिसत नाही, तो रकाना दिसतो.

सातव्या अर्जाला यश आलं. एका गुरुवारी, मी कचेरीत असताना, उद्यान खात्याची सहा माणसं आली, त्यांनी झाड पाडलं आणि ती निघून गेली. संध्याकाळी मी गल्लीच्या तोंडाशी पोचलो तर झाड रस्त्यावर आडवं. बुंध्याकडची बाजू उजवीकडच्या दगडी कट्ट्यावर, शेंड्याकडची डावीकडच्या कुंपणाच्या भिंतीवर, आणि मधे सगळ्या रस्त्यावर अधांतरी खोड. खालून रांगत जावं तर गुडघे फुटतात, वरून चढावं तर पँट फाटते. माझी फाटली.

"अभिनंदन," कप्तान पलीकडून म्हणाले. "झालं एकदाचं तुमचं काम."

कप्तान आमचे शेजारी. टपाल खात्यातून निवृत्त झालेत. आठवीत असताना शाळेच्या व्हॉलीबॉल संघाचे कप्तान होते. संघ पहिल्याच सामन्यात हरला, पदवी मात्र साठ वर्षं टिकली.

शुक्रवारी अर्धी रजा टाकून मी उद्यान खात्यात गेलो. तिथल्या गृहस्थांनी मला फार सौजन्यानं समजावलं. म्हणाले, "आमचं काम उभं झाड आडवं करण्यापर्यंत. आडवं झालं की ते झाड राहत नाही, अडथळा होतो. अडथळे रस्ते खात्याकडे."

रस्ते खातं त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. तिथे झाड पडल्याचा दाखला मागितला. मी खाली आलो. खालचे म्हणाले, "पडल्याचा दाखला आम्हाला देता येत नाही, कारण ते पडलेलं नाही, आम्ही पाडलेलं आहे. पाडल्याचा देता येईल, पण त्याला निरीक्षकांची पाहणी लागते. गाडी जाते ना तिथपर्यंत?"

"गाडी कशी जाईल? झाड आडवं आहे."

त्यांनी मान हलवली, माझा अर्ज पुढे ओढला, त्यावर 'रस्ता मोकळा झाल्यावर पाहणी करावी' असा शेरा मारला आणि शिक्का उमटवला. मला राग यायला हवा होता. पण मीही शेरे मारणारा माणूस आहे. इतका निर्दोष शेरा मला आयुष्यात जमलेला नाही.

हे सगळं मी सोसलं असतं. पँट काय, दुसरी घेता येते. पण पुढच्या शुक्रवारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

आई ब्याऐंशी वर्षांची आहे. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडल्यापासून ती चाकांच्या खुर्चीत असते. एक डोळा कधीच गेलाय, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला. अलीकडे ती मला माझ्या खोकल्यावरून ओळखायची आणि सुनेला तिच्या चालण्यावरून. ऑपरेशनची तारीख पाच महिने थांबल्यावर मिळाली होती. ती चुकली तर पुढची आणखी पाच महिन्यांनी. मोठे डॉक्टर या दवाखान्यात महिन्यातून दोनदाच येतात.

"आम्ही दोघं-तिघं मिळून तुला खोडावरून पलीकडे नेतो," मी आईला म्हणालो.

"मला कपाटासारखं उचलायचं नाही."

"दोन मिनिटांचं काम आहे गं."

"कपाटाच्या वेळीही तू दोन मिनिटंच म्हणाला होतास. त्याचा एक पाय अजून विटेवर आहे."

डॉक्टरांनीही खुब्याला धक्का लागू द्यायचा नाही असं बजावलं होतं, त्यामुळे कपाटाचा विषय मी वाढवला नाही. पण उरलेले सात दिवस माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. सात अर्ज, सात दिवस. आकड्यांना माझ्याविषयी काहीतरी आकस असावा.

शनिवारी सल्ले सुरू झाले. कप्तान म्हणाले, पेटवून द्या, तासाभरात राख होईल. वर विजेच्या तारा होत्या, शेजारी लाकडी फाटक होतं आणि ते फाटक त्यांचंच होतं, हे मी नजरेला आणून दिलं. मग ते म्हणाले, दोर बांधून जीपनं ओढा. जीप कुणाची, यावर चर्चा थांबली. कोपऱ्यावरच्या घरात गाणं शिकवणाऱ्या बाई राहतात. त्यांनी लाकूड सात वर्षांत आपोआप कुजतं असं कुठेतरी वाचलं होतं आणि निसर्गावर विश्वास ठेवायला सांगितलं. चौथ्या घरातले गृहस्थ नेहमी फिरतीवर असतात. ते त्या दिवशी बॅग घेऊन परत आले, खोडावर चढले, पलीकडे उतरले आणि एक शब्द न बोलता घरात गेले. त्यांच्याविषयी मला अजून आदर आहे.

दोन वखारींतून पुढच्या आठवड्याशिवाय माणूस मिळणार नाही असं कळलं. एक लाकूडतोड्या कसाबसा आला. त्यानं वाकून खोडाखालून पलीकडे बघितलं, दोन्ही टोकं बघितली, "हे लटकलेलं आहे," एवढंच म्हणाला आणि परत गेला. लटकलेलं म्हणजे काय, हे विचारायची मला लाज वाटली. तिथेच चुकलं.

रविवारी माझा मेव्हणा आला. मेव्हण्याला सगळं येतं. निदान येत नाही असं काही त्याला अजून सापडलेलं नाही. कुणा मित्राचा चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी करवत, खांद्यावर टाकून, अर्ध्या चड्डीत आणि चपलांत तो खोडापुढे उभा राहिला.

"अरे, निदान बूट तरी घाल," बायको म्हणाली.

"ताई, वीस मिनिटांचं काम आहे. भावोजी, तुम्ही फार विचार करता."

मी प्रथमोपचाराची पेटी घेऊन उभा होतो. त्यानं एकाच हिसक्यात मशीन चालू केलं, हे कबूल करायला हवं. खोडाच्या बरोबर मध्यावर, वरून, त्यानं साखळी फिरते ती पट्टी टेकवली आणि सगळं वजन टाकलं. भुसा उडाला. कप्तानांनी 'वा' म्हटलं. पट्टी निम्म्यापर्यंत गेली आणि कापाचं तोंड हळूहळू मिटलं. मशीन किंचाळलं आणि बंद पडलं. मेव्हण्यानं ते ओढलं, हलवलं, त्याला लोंबकळला. मग कप्तानांनी मेव्हण्याला मागून धरून ओढलं. मशीन तसूभर हललं नाही. मेव्हण्याला मी चोवीस वर्षं ओळखतो. त्याची खोड मोडणारं कुणी भेटेल असं वाटलं नव्हतं. ते खोडच असेल असं तर मुळीच वाटलं नव्हतं.

संध्याकाळी पावसाची भुरभुर आली, तेव्हा बायकोनं त्या अडकलेल्या मशीनवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. आधी गल्लीत नुसतं झाड आडवं होतं. आता झाडाला मशीन होतं, मशीनला पिशवी होती, आणि जाता-येता लोक मला विचारत, "तुमचं ते मशीन निघालं का?" माझं झाड, माझं मशीन. मेव्हणा तोवर घरी जाऊन जेवून झोपलाही असेल.

सोमवारी कचेरी सुटल्यावर मी अवजारं भाड्यानं देणारं दुकान शोधून काढलं. गल्ल्यावर साठीच्या पुढच्या एक बाई बसल्या होत्या. ठेंगण्या, जाड चष्मा, अंगात खाकी एप्रन. मागे त्यांच्या यजमानांची वखार होती. ती वखार दोघं मिळून चालवतात असं नंतर कळलं.

"चेनसॉ भाड्यानं हवा होता."

"कुणाला?"

"मला."

बाईंनी माझ्या बुटांकडे बघितलं. कचेरीचे बूट होते, पॉलिश केलेले. "कापायचं काय?"

मी सगळं सांगितलं.

"दोन्ही टोकं टेकलेली, मधे लटकलेलं. मग दाब कुठे?"

मीही माझ्या बुटांकडे बघितलं.

"मशीन मिळणार नाही," बाई म्हणाल्या आणि वहीत बघायला लागल्या.

माझा स्वाभिमान जागा झाला. तो वर्षातून एकदोनदा होतो. "बाई, सत्तावीस वर्षं मी अपघातांच्याच क्षेत्रात आहे," मी म्हणालो.

"कागदावरच्या," बाई म्हणाल्या. मग दोन्ही पंजे त्यांनी टेबलावर उलटे ठेवले. "मी अडतीस वर्षं करवतीवर आहे. मोजा."

मी मोजली. दहा होती.

"तीन दिवस संध्याकाळी यायचं. मी सांगेन तसं करायचं. जमलं तर मशीन, नाही जमलं तर नमस्कार."

मागच्या अंगणात ओंडक्यांचा ढीग होता. पहिल्या दिवशी बाईंनी मशीनला हातच लावू दिला नाही. दोन पुस्तकांवर एक प्लॅस्टिकची फूटपट्टी आडवी ठेवली आणि मधे बोटानं दाबली. "हे तुमचं खोड. वाकलं की वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. वर दाब, खाली ताण. आधी दाबाच्या बाजूनं कापायचं, पण तिसरा हिस्साच. मग ताणाच्या बाजूनं, खालून वर. एकाच बाजूनं घुसत राहिलात की लाकूड पट्टी गिळतं."

"आमच्याकडे गिळलंय," मी म्हणालो.

"एक टोक हवेत असेल तर सगळं उलट. आधी खालून, मग वरून. म्हणून मशीन उचलायच्या आधी लाकूड कशावर टेकलंय ते बघायचं. लोक मशीनकडे बघत बसतात."

त्या तीन संध्याकाळी मी एका वहीत एकेचाळीस नियम लिहून घेतले. पट्टीच्या नाकाचा वरचा कोपरा कशालाही लागू द्यायचा नाही. लागला की मशीन उसळी घेऊन तोंडाकडे येतं, आणि आपल्याला कळायच्या आधी येतं. डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून घालायचा. उभं राहायचं बाजूला, साखळीच्या रेषेत नाही. मशीन जमिनीवर ठेवून, ब्रेक लावून, मागच्या मुठीत पाय रोवून चालू करायचं. एकट्यानं कापायचं नाही, दमल्यावर कापायचं नाही, उजेड कमी झाल्यावर कापायचं नाही. बघ्यांनी पंधरा पावलं लांब.

दुसऱ्या दिवशी मशीन हातात आलं, पण बंद. बंद मशीन घेऊन मी तासभर हवेत ओंडके कापले. शेजारच्या गॅरेजमधले मेकॅनिक चहा घेत उभे राहून बघत होते. तिसऱ्या दिवशी बाईंनी ते चालू करू दिलं आणि मी अकरा ओंडके कापले. शेवटच्या ओंडक्यानंतर बाईंनी माझी वही मागितली, चष्मा पुसून सगळी वाचली आणि एके ठिकाणी दुरुस्ती केली.

"बाकीचे विचारतात, हे किती वेगानं कापतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही पहिल्या दिवसापासून विचारताय, हे कशानं थांबतं. घेऊन जा मशीन."

मशीनबरोबर पोशाखही मिळाला. शिरस्त्राण, त्याला तोंडावर जाळी, आवाज अडवायला कानांवर बोंडं, जाड बूट, हातमोजे आणि एक भलीमोठी पँट. साखळी चुकून मांडीला लागलीच तर त्या पँटीतले धागे बाहेर येऊन तिच्यात गुंततात आणि ती जागच्या जागी थांबते. ती बाईंच्या यजमानांची होती आणि यजमान प्रशस्त असावेत. मी ती गळ्यातल्या टायनं कमरेला आवळली.

"निघालात कुठे?" बायकोनं विचारलं. "गल्लीच्या तोंडाशी की चंद्रावर?"

गुरुवारची रजा मी आदल्याच दिवशी टाकली होती. अर्जात कारण म्हणून 'खोड' असं लिहिलं होतं. साहेबांनी वाचून "कसली?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सही केली. बहुधा त्यांना माझ्या घरच्या माणसांची काळजी वाटली असावी.

सकाळी नऊला मी पंधरा पावलं मोजून दोर बांधला. बायको शाळेत खेळ शिकवते, त्यामुळे शिट्टी घरचीच होती. तिनं त्या दिवशी सुट्टी घेतली आणि शिट्टी गळ्यात अडकवून दोरापाशी उभी राहिली. दोराच्या मागे कप्तान, गाण्याच्या बाई, त्यांचे चार विद्यार्थी, आणि आपलं मशीन निघतंय का ते बघायला आलेला मेव्हणा. आईची खुर्चीही बायकोनं आणून लावली. आईला दिसत काही नव्हतं, पण ऐकायचं होतं.

मी मशीन जमिनीवर ठेवलं, ब्रेक लावला, पाय रोवला आणि दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. चौदा वेळा ओढली. शिरस्त्राणाच्या आत घामाच्या धारा लागल्या.

"भावोजी, मी देऊ का ओढून?" मेव्हण्यानं विचारलं.

"हवा बघा," कप्तान म्हणाले. कसली हवा ते त्यांनाही माहीत नसावं.

तेवढ्यात बायको आली, वाकली, मशीनवरची एक कळ तिनं एका बोटानं वर केली आणि एक शब्द न बोलता परत जागेवर गेली. ती कळ मी स्वतःच, सुरक्षितता म्हणून, रात्री बंद करून ठेवली होती. आमच्या संसाराला चोवीस वर्षं झाली. तिनं माझ्यासाठी खूप केलंय, पण त्या क्षणी ती जी गप्प राहिली त्याची सर कशालाच नाही.

दुसऱ्या हिसक्याला मशीन चालू झालं.

आधी फांद्या. खोडाच्या एका बाजूला आपण, पलीकडच्या बाजूची फांदी कापायची, म्हणजे मधे खोडाची भिंत राहते. एक मनगटाएवढी फांदी खोडाखाली दबून धनुष्यासारखी वाकली होती. ती एकदम तोडली असती तर तिनं माझ्या बरगड्यांचा हिशेब केला असता. बाईंनी सांगितल्याप्रमाणे मी तिच्या आतल्या बाजूला बारीक बारीक काप देत गेलो. ती कुरकुरत, सावकाश सरळ झाली आणि निजली. मला इतका आनंद झाला की जाळीच्या आत मी एकटाच हसलो.

त्याच वेळी कप्तान काहीतरी सुचवायला दोराखालून आत आले. शिट्टी वाजली. मी ताबडतोब मशीन थांबवलं.

"मी फक्त एवढंच सांगायला..." कप्तान म्हणाले.

"रेषेच्या मागे," बायको म्हणाली.

कप्तान गेले. आठवीनंतर त्यांनी पंचाचं पहिल्यांदाच ऐकलं असेल.

मग मेव्हण्याचं मशीन. खोडाखाली लाकडी ठोकळे रचून त्यावर मी कप्तानांच्या गाडीचा जॅक ठेवला आणि सावकाश वर उचलत गेलो. फार नाही, दोन बोटं. मिटलेला काप तेवढ्यानं उघडला. वरून त्यात एक पाचर बसवली, पिशवी सोडली आणि मशीन दोन बोटांनी अलगद उचलून बाहेर काढलं. मेव्हणा पुढे आला, मशीन घेतलं आणि प्रथमच मला विचारलं, "हे कसं केलंत?" मी त्याला फूटपट्टी आणि दोन पुस्तकं आणायला सांगणार होतो, पण वेळ नव्हता.

आईची खुर्ची जायला मी एक मीटर जागा धरली होती. म्हणजे खोडाला दोन काप द्यायचे आणि मधला तुकडा गडगडत बाजूला न्यायचा. पहिला काप कट्ट्याच्या बाजूला. पडला तर फार खाली जाऊ नये म्हणून आधी ठोकळे लावले. वरून तिसरा हिस्सा, मग पाचर, मग खालून. लाकूड वाळून दगडासारखं झालेलं. दर दहा मिनिटांनी मी थांबत होतो, मशीन गार होऊ देत होतो, लांब नेऊन पेट्रोल भरत होतो, आणि दर वेळी दोराच्या मागून कुणीतरी उसासा टाकत होतं. साडेतीनला खोडातून टक्क असा आवाज आला, आणि ते ठोकळ्यांवर दोन बोटं खाली बसलं. पलीकडचा रस्ता फटीतून दिसला. गाण्याच्या बाईंच्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी शिरस्त्राणाला हात लावून मान लववली. कुणी बघितलं नसावं, पण मी लववली.

दुसरा काप पाच वाजता सुरू झाला. वरचा तिसरा हिस्सा होत आला आणि साखळीतून ठिणग्या उडाल्या. मशीन थांबवून बघितलं तर लाकडाच्या आत लोखंड.

"अरेच्चा," कप्तान म्हणाले. "तो हूक. कपडे वाळत घालायच्या दोरीसाठी मी ठोकला होता. वीसएक वर्षं झाली. झाडानं गिळला वाटतं."

साखळीची धार पार गेली होती. मशीन आता कापत नव्हतं, नुसतं घासत होतं. भुशाऐवजी पीठ पडत होतं. सहा वाजले. उजेड पिवळा झाला. मी दमलो होतो.

"दाबून काढा," मेव्हणा म्हणाला. "एवढंसंच राहिलंय. नाहीतर द्या इकडे, मी दाबतो."

"उद्या सकाळी आईंना जायचंय हो," गाण्याच्या बाई म्हणाल्या.

"दिवा आणतो मी घरातून," कप्तान म्हणाले.

आता बघा, सत्तावीस वर्षं मी जे कागद वाचले ते सगळे नेमके याच क्षणापाशी येऊन थांबतात. एवढंसंच राहिलं होतं. उद्या जायचं होतं. सगळे बघत होते. पुढचा शब्द 'अचानक'. मी ब्रेक लावला, कळ बंद केली, शिरस्त्राण काढलं.

"आज थांबलो," मी म्हणालो.

कुणीतरी हळूच चुकचुकलं. मेव्हणा माझ्याकडे, मी साखळीकडे बघत होतो. सकाळी जमलं नाही तर आईचे पाच महिने माझ्या डोक्यावर, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं.

"त्याला कुणी बोलू नका," दोरापलीकडून आई म्हणाली. "थांबायचं कधी ते त्याला कळतं. चला, मला घरात न्या."

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी कानस घेऊन बसलो. साखळीचा एकेक दात, आतून बाहेर, प्रत्येकाला सारखेच घासे. बायको मोजत होती. दुकानाच्या बाईंना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वीतभर अलीकडे सरका. आणि थांबलात ते बरं केलंत." फोन ठेवताना पुढे म्हणाल्या, "मी येऊ का सकाळी?" मी जरा विचार केला आणि नको म्हणालो. का म्हणालो ते सांगता येत नाही, पण तो एक शब्द म्हणताना मी ताठ बसलो होतो.

शुक्रवारी सहाला स्वच्छ उजाडलं. इतक्या सकाळी आवाज करायचा म्हणून मी गाण्याच्या बाईंची परवानगी मागायला गेलो, तर त्या स्वतःच दोराचं एक टोक धरून उभ्या होत्या. दुसरं कप्तानांनी धरलं होतं. चौथ्या घरातले गृहस्थही बाहेर आले आणि न बोलता एक पहार आणून ठेवली. मेव्हणा बूट घालून आला होता.

मी खोड कशावर टेकलंय ते पुन्हा बघितलं. एक टोक ठोकळ्यांवर, एक भिंतीवर. म्हणजे अजूनही वर दाब, खाली ताण. वीतभर अलीकडे पट्टी टेकवली. कानशीनं दातांना अशी धार आली होती की साखळी लोण्यात गेल्यासारखी आत शिरली. भुसा जाड, पांढरा, धारेनं पडत होता. तिसरा हिस्सा झाला. पाचर बसवली. मशीन खालून लावलं, कोपर पोटाशी, अंगठा मुठीखाली, आणि सावकाश वर आलो. सहा पस्तीसला टक्क झालं. तुकडा जागच्या जागी बसला. मी ब्रेक लावला, मशीन बंद केलं, खाली ठेवलं, आणि मगच श्वास सोडला.

"या," मी म्हणालो. तेव्हा कुठे बायकोनं दोर सोडू दिला. पहारीनं, पाचजणांच्या जोरावर, तो तुकडा कण्हत कट्ट्याशी गेला, आणि मी त्याच्या दोन्ही बाजूंना दगड लावले.

सात वाजता टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी आली. मी आईची खुर्ची ढकलत त्या फटीतून नेली. दोन्हीकडे चार-चार बोटं राहिली. कप्तानांनी सलाम ठोकला. आईला तो दिसला नाही, पण मला दिसला, आणि मी तो घेतला.

ऑपरेशन अर्ध्या तासात झालं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पट्टी काढायला पुन्हा गेलो. डॉक्टरांनी आईपुढे अक्षरांचा तक्ता धरला. तिनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि खालची छापखान्याची बारीक ओळही वाचायला घेतली. डॉक्टर पुरे म्हणाले. मग तिनं सुनेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि "दाढी कर," एवढंच म्हणाली.

परत येताना टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी थांबली. खोडाची कापलेली तोंडं दोन्हीकडे पांढरीस्वच्छ दिसत होती. चालकानं मान बाहेर काढून बघितलं.

"मोठं होतं की हो," तो म्हणाला. "किती माणसं लावली होती?"

आई खिडकीतून बघत होती. वाळल्या लाकडातल्या गोल रेषाही तिला दिसत असाव्यात, कारण ती बराच वेळ बघत राहिली.

"एक," ती म्हणाली. "हा, माझ्या शेजारी बसलाय तो. आणि समोर बसलीये तिनं कुणाला मधे येऊ दिलं नाही."

बायकोनं मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईनं दार उघडून खाली उतरलो आणि खुर्ची काढायला मागे गेलो. डिकी उघडायला मला जरा वेळच लागला. कुणी घाई केली नाही.